बांतेय स्रेई की बांतेय छमार?

कंबोडियाला जाऊन आलेलं कुणी ‘आम्ही बांतेयसुद्धा पाहिलं’ म्हणालं, की मी आधी विचारतो, कोणतं? ख्मेर भाषेत बांतेय म्हणजे तटबंदीची जागा, किल्ला. हा शब्द तिथल्या कितीतरी देवळांच्या नावात आहे. बहुतेकांनी पाहिलेलं असतं ते बांतेय स्रेई. बांतेय छमारच्या वाटेला फार थोडे जातात. पण नावं सारखी, दोन्हीकडे पडझड आणि कोरीवकाम, त्यामुळे फोटोंखाली एकाचा इतिहास दुसऱ्याला सर्रास चिकटवलेला दिसतो.

स्रेई हे शिवाचं देऊळ. इ.स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झाली, आणि बांधणारा राजा नव्हता, तर यज्ञवराह नावाचा राजगुरू होता. अंगकोर या ख्मेरांच्या जुन्या राजधानीपासून साधारण २५ किलोमीटरवर असलेलं हे देऊळ अगदी लहानखुरं, गुलाबी वालुकाश्माचं आहे. कैलास हलवणारा रावण, वाली-सुग्रीवाचं युद्ध, नरसिंह... वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्याला इथे वाटाड्या लागत नाही.

छमारचं तसं नाही. ते वायव्येला, थायलंडच्या सीमेजवळ, सिसोफोन शहराच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर आहे. स्रेईनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, बाराव्या शतकाच्या अखेरीला सातव्या जयवर्मन राजाने ते उभारलं. हा राजा महायान बौद्ध. भोवती रुंद खंदक, पूर्वेला दीड किलोमीटरहून लांब तलाव, शिखरांवर अंगकोरच्या बायोन देवळासारखे दगडी चेहरे. इथल्या शिलालेखात श्रीन्द्रकुमार या राजपुत्राचं आणि त्याच्यासाठी प्राण दिलेल्या चार साथीदारांचं नाव येतं. मधल्या गाभाऱ्यात राजपुत्राची आणि चार कोपऱ्यांत त्या चौघांची प्रतिमा होती. राजपुत्राच्या शेजारी त्याच्या सोबत्यांना जागा देणारं देऊळ मला फार जवळचं वाटतं. आज तिथे पोचायचं तर कोसळलेल्या चिऱ्यांच्या ढिगाऱ्यांवरून वाट काढावी लागते.

आपली खरी फसगत होते ती पश्चिमेच्या भिंतीवर. तिथे अनेक हातांची उभी मूर्ती दिसते आणि आपण सवयीने शिव किंवा विष्णू म्हणून मोकळे होतो. तो लोकेश्वर, म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. खूण सोपी आहे : हात मोजत बसू नका, केसांच्या जुड्यात बसलेला छोटा अमिताभ बुद्ध शोधा. हा देव मराठी माणसाला परका नाही. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याचं अकरा मस्तकांचं रूप आहे.

चोरीच्या गोष्टींचीही अशीच अदलाबदल होते. १९२३ मध्ये फ्रेंच लेखक आंद्रे माल्रो याने देवतांच्या मूर्ती कापून नेल्या, त्या स्रेईच्या. तो पकडला गेला, मूर्ती परत आल्या. पुढे १९३१ ते १९३६ या काळात ढासळलेले चिरे ओळखून, मूळ जागी बसवून ते देऊळ पुन्हा उभं केलं गेलं. आज आपल्याला भावणारा त्याचा रेखीवपणा बराचसा या कामामुळे टिकला आहे.

छमारच्या वाट्याला हे आलं नाही. तिथली लूट अलीकडची आहे : १९९८ मध्ये सैनिकांनी पश्चिम भिंतीचा मोठा भाग चिरा चिरा सुटा करून ट्रकमधून नेला. त्यातले शंभरहून अधिक दगड थायलंडमध्ये पकडले गेले. दोन लोकेश्वर आता राजधानी नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मूळच्या आठांपैकी दोनच भिंतीवर जागेवर उरले आहेत.

स्रेई सकाळच्या दोन-तीन तासांत होतं, लवकर जा म्हणजे गर्दी टळेल. छमारला मात्र पूर्ण दिवस द्या, शक्यतो रात्रीही राहा. गावातल्या लोकांनी मिळून घरगुती मुक्कामाची सोय केली आहे. पावसाळ्यात दगड निसरडे असतात, तेव्हा पकड असलेले बूट घाला. पूर्वेच्या भिंतीवरची शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी झालेली नौकांची लढाई पाहून झाली, की सावकाश पश्चिमेला या. दोन लोकेश्वर पाहा, आणि भिंत जिथे एकाएकी तुटते तिथेही थोडं थांबा.