एकाच सड्यावरचे निरनिराळे दवबिंदू

भाद्रपदाच्या सुमारास साताऱ्याजवळच्या कास पठारावर किंवा कोकणातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, सकाळी गुडघे टेकून बसले, की जांभ्यावरच्या पातळ मातीत दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती दिसू लागते. तिच्या पानांवरचे थेंब दवाचे नसतात. ऊन चढून गवतावरचे दव उडून गेले तरी ते तसेच चमकत राहतात, कारण पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून तो चिकट द्रव पाझरत असतो. गवताची काडी थेंबाला अलगद लावून मागे घेतली तर त्याची बारीक तार निघते. एखादे चिलट त्यात अडकले, की सुटण्याच्या धडपडीनेच ते शेजारच्या थेंबांत अधिक गुंतत जाते.

आपल्या सड्यांवर प्रामुख्याने दोन जाती भेटतात. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीला चिकटून नाण्याएवढे पानांचे चक्र धरते, तर ड्रॉसेरा इंडिका, म्हणजे गवती दवबिंदू, बारीक खोडावर दोऱ्यासारखी लांब पाने घेऊन उभी राहते. या दोहोंतला फरक लहान मूलही सांगेल. मला अधिक विलक्षण वाटतो तो एकाच जातीच्या रोपांमधला फरक. उघड्या कातळावरच्या खळग्यात गवती दवबिंदूचे रोप दोन बोटे उंच आणि गडद लालसर असते, आणि तिथून चार पावलांवर, गवताच्या आडोशाला, त्याच जातीचे रोप वीतभर वाढलेले आणि पोपटी हिरवे असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला या दोन वेगळ्या वनस्पती वाटल्या तर नवल नाही.

रंगाचा मोठा भाग उन्हावर ठरतो: भर उन्हात पानात लाल रंगद्रव्य साठते, सावलीत ते कमी राहते. उंची ठरते ती मातीच्या थराने आणि ओलाव्याने. ही वनस्पती वर्षायू असल्यामुळे उगवण्यापासून बी पडेपर्यंतचे तिचे सारे आयुष्य जमिनीत ओल असेपर्यंतच उरकावे लागते. जिथे माती बोटभरच आहे आणि पावसाने उघडीप दिली की खळगा लगेच सुकतो, तिथले रोप लहान असतानाच फुलून जाते. जिथे पाझर टिकतो, तिथले वाढतच राहते.

खाद्याचाही यात वाटा आहे. स्वीडनमधल्या दलदलींत गोल पानांच्या दवबिंदूवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रदूषण कमी असलेल्या ठिकाणी रोपांतला सुमारे ५७ टक्के नायट्रोजन कीटकांकडून आलेला आढळला, तर हवेतून बराच नायट्रोजन जमिनीत उतरणाऱ्या ठिकाणी तो सुमारे २२ टक्क्यांवर आला होता. मुळांनाच पुरेसे मिळू लागले, की पानावरचा खर्चिक चिकटपणा रोप आवरते घेते.

सगळेच फरक मात्र परिस्थितीचे नसतात. गवती दवबिंदूची फुले कुठे गुलाबी असतात, कुठे पांढरी. फूल उन्हात काही तासच उमलते आणि मिटताना बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे एका खळग्यातला वंश शेजारच्या खळग्यातल्या वंशापासून पिढ्यानपिढ्या वेगळा राहू शकतो, आणि एखाद्यात उमटलेले वैशिष्ट्य तिथेच टिकून राहते. अमुक फरक वंशाचा की जागेचा, हे नक्की करण्याचा खात्रीचा मार्ग एकच: दोन्हींचे बी एकाच मातीत, सारख्या उन्हात आणि पाण्यात वाढवून पाहणे. सारखी रोपे आली, तर फरक जागेचा होता.

अशा बारकाव्यांतून किती काय निघू शकते, हे उत्तर ऑस्ट्रेलियात दिसले. तिथे बराच काळ ड्रॉसेरा इंडिका या एकाच नावाखाली मोजली जाणारी रोपे आता अनेक स्वतंत्र जातींत विभागली गेली आहेत, आणि त्यासाठी पुंकेसरांचा आकार, पानांवरच्या ग्रंथी, बियांवरची नक्षी असे तपशील तपासावे लागले. वनस्पती संग्रहालयात दाबून वाळवलेल्या नमुन्यात यांतले नाजूक तपशील नीट टिकत नाहीत. म्हणूनच सड्यावर, जिवंत रोपाशेजारी मोजपट्टी ठेवून, फूल उमललेले असताना काढलेले छायाचित्र आणि सोबत मातीची खोली, ऊन आणि ओलावा यांची दोन ओळींची नोंद अभ्यासकाच्या खरोखर कामी येते. त्यासाठी रोप उपटावे लागत नाही.