कपाटातला जुना फोन आणि हवेचे वजन

गेल्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी चुलतभावाच्या शेतात बोअरची जागा ठरवायची होती. पूर्वी या कामाला तळहातावर नारळ घेऊन फिरणारे पाणाडे येत. या वेळी आलेल्या गृहस्थांच्या हातात नारळाऐवजी मोबाइल होता आणि त्याच्या पडद्यावर एक काटा हलत होता. बांधाच्या एका कोपऱ्यावर काटा झुकला आणि तिथे खुंटी ठोकायची तयारी सुरू झाली. मी तो फोन मागून घेतला. पडद्यावरचा आकडा मायक्रोटेस्ला या एककात होता, म्हणजे ते मोजमाप चुंबकीय क्षेत्राचे होते. "दादा, एक मिनिट थांबा," असे म्हणून मी तो फोन बांधावर लावलेल्या मोटारसायकलच्या इंजिनाजवळ नेला, तेव्हा काटा पूर्ण कलला.

फोनमधल्या चुंबकमापीला आपल्या भागात पृथ्वीचे 40 मायक्रोटेस्लाहून थोडे अधिक क्षेत्र जाणवते आणि जवळपास लोखंड आले की आकडा बदलतो. आपला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज बाळगून असतो. त्यामुळे शेतात काटा हलतो हे खरे असले, तरी त्यात पाण्याचा काहीही संबंध नसतो. खडकाच्या भेगांतले पाणी चुंबकमापीला दिसत नाही. ज्या जिल्ह्यांत एकेका बोअरसाठी माणसे कर्ज काढतात, तिथे असा काटा दाखवून पैसे घेणे मला अतिशय क्लेशदायक वाटते. भावाला मी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाण्यास सांगितले. मात्र फोनला खरोखर काय कळते, हा प्रश्न मनात राहिला आणि घरी परतल्यावर मी कपाटातला जुना फोन बाहेर काढला.

तो सॅमसंगचा गॅलेक्सी एस 4 आहे. 2013 साली तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत 41,500 रुपये होती. पाच इंची पडदा, 13 मेगापिक्सेलचा कॅमेरा, दोन जीबी रॅम आणि मागचे झाकण उघडून बदलता येणारी 2600 एमएएचची बॅटरी, असा त्याचा थाट होता. भारतातल्या आवृत्तीत आठ गाभ्यांचा (कोरचा) प्रोसेसर होता आणि त्याचा गाजावाजाही फार झाला; प्रत्यक्षात चार ताकदवान आणि चार काटकसरी गाभ्यांपैकी एका वेळी एकच चौकडी काम करीत असे. या गोष्टी आज जुन्या झाल्या आहेत. त्या फोनमधला वायुदाबमापक मात्र अजिबात जुना झालेला नाही आणि त्याच्याविषयीच मला सांगायचे आहे.

या जातीची दाबमापक चिप ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी असते. तिच्या आत सिलिकॉनचा, केसाहूनही पातळ असा एक पडदा असतो आणि त्याच्याखाली हवा काढून कायमची बंद केलेली एक पोकळी असते. आपल्या डोक्यावरच्या हवेचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलो असतो. तो भार या पडद्याला खालच्या निर्वात पोकळीच्या दिशेने किंचित वाकवतो. दाब वाढला की बाक वाढतो आणि घटला की कमी होतो. हा बाक इतका सूक्ष्म असतो की तो पाहून मोजणे फोनमध्ये शक्य नाही. म्हणून तो विजेच्या भाषेत वाचावा लागतो.

तार ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी 1856 मध्ये दाखवले होते. धातूच्या तारेत हा बदल मुख्यतः ती लांब आणि बारीक झाल्यामुळे होतो, म्हणून तो अल्प असतो. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्या स्फटिकांत हाच परिणाम कितीतरी पट मोठा असल्याचे प्रसिद्ध केले. स्फटिक ताणला की त्यातील अणूंमधली अंतरे बदलतात, अणूंची अंतरे बदलली की विद्युतभार वाहणाऱ्या कणांना उपलब्ध असलेल्या ऊर्जापातळ्या सरकतात आणि त्या सरकल्या की एका दिशेने धावणे त्या कणांना सोपे तर दुसऱ्या दिशेने अवघड होते. म्हणजे आकार जवळजवळ तोच राहूनही पदार्थाची वाहकताच बदलते. चिपच्या पडद्यावर असे चार रोध कोरलेले असतात आणि ते शाळेत शिकलेल्या व्हीटस्टन ब्रिजप्रमाणे जोडलेले असतात. पडदा वाकला की दोघांचा रोध वाढतो आणि दोघांचा घटतो, त्यामुळे ब्रिजचा तोल जातो आणि दोन बाजूंमधले विभवांतर (व्होल्टेज) मोजता येते. तापमान वाढल्यास चारही रोध एकत्रच बदलत असल्याने त्याचा परिणाम बराचसा आपोआप वजा होतो. उरलेल्या चुकीसाठी चिपमध्येच तापमापक असतो आणि दुरुस्तीचे स्थिरांक कारखान्यातच मोजून तिच्या स्मृतीत लिहिलेले असतात.

हे सगळे किती बारकाईने चालते हे घरीच पाहता येते. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो, समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटरवर. त्यामुळे इथला दाब वर्षभर साधारण 940 ते 950 हेक्टोपास्कलच्या (हे हवेच्या दाबाचे एकक) आसपास असतो. दाब दाखवणारे एक साधे ॲप सुरू करून मी फोन फरशीवर ठेवला, आकडा 945.6 च्या आसपास स्थिरावला. मग तोच फोन स्टुलावर चढून माळ्यावर ठेवला आणि आकडा 945.4 झाला. शेवटचा अंक सतत थरथरतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबून सरासरी घ्यावी लागते. पण दोन मीटर हवेचे वजन त्या फोनने स्पष्टपणे वेगळे काढले. आपल्या उंचीवर सुमारे नऊ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. गोदावरीकाठचे नांदेड आमच्यापेक्षा जवळपास 200 मीटर खाली आहे, म्हणून एसटीने तिकडे जाताना हाच आकडा वीस-बावीसने वाढतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोराँ पेरिए 19 सप्टेंबर 1648 रोजी पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्युई द डोम हा डोंगर चढले होते आणि वर गेल्यावर पारा उतरतो हे पाहून आले होते. दौलताबादचा किल्ला चढताना खिशातला फोन हाच प्रयोग आपल्याला कोणतीही काचेची नळी न सांभाळता करू देतो.

फोन दिवसभर एकाच जागी ठेवला की आणखी नवल दिसते. उंची न बदलताही दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक होतो, दुपारी चारच्या सुमारास घसरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. सकाळ-दुपारचा फरक उष्ण कटिबंधात तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत जातो, म्हणजे उंचीच्या हिशेबात सुमारे 30 मीटर! दाबावरून उंची सांगणारे ॲप दुपारी आपले घर वर उचलते ते यामुळेच. ही वातावरणाची भरती-ओहोटी चंद्राच्या ओढीमुळे होते असा समज आहे, परंतु चंद्राचा वाटा अगदी नगण्य असतो. ओझोन आणि बाष्प सूर्याची उष्णता शोषतात आणि त्या तापण्याने संपूर्ण वातावरणात लाटा उठतात. दिवसातून एकदा तापणारी हवा दोनदा का हेलकावते, हे कोडे 1882 मध्ये केल्विन यांनाही पडले होते. ओझोनच्या भूमिकेसह त्याचा समाधानकारक उलगडा 1960 च्या दशकात झाला. दुपारी दाब घटलेला पाहून "आता पाऊस येणार" असे सांगणारे या रोजच्या हेलकाव्यालाच पावसाची चाहूल समजतात.

याच फोनमध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारा संवेदकही होता. आर्द्रतेचे मोजमाप एका बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) थराने होते: तो बाष्प शोषतो आणि पाण्याचा विद्युत अपार्यतांक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) फार मोठा, सुमारे 80 असल्याने थराची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते. कल्पना सुंदर होती, पण फोन स्वतःच तापतो आणि खिशात तर तो आपल्या अंगाची ऊब मोजतो. पुढच्या वर्षीच्या एस 5 मध्ये हा संवेदक दिसला नाही.

वायुदाबमापक मात्र टिकला. 2011 च्या गॅलेक्सी नेक्ससमध्ये तो आला तेव्हा त्याचा एक उपयोग जीपीएसला मदत करणे हा होता, कारण उंचीचा अंदाज आधीच हाती असेल तर सोडवायच्या समीकरणांतली एक अज्ञात राशी सुटते आणि जागा लवकर सापडते. वॉशिंग्टन विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ क्लिफ मास यांनी फोनमधल्या दाबाच्या नोंदी वादळांच्या अंदाजासाठी वापरण्याचा पाठपुरावा केला. मराठवाड्याने 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने झोपलेली पिके पाहिली आहेत. दाबाच्या दाट नोंदींचे मोल इथे कोणाला पटवून द्यावे लागू नये. दुर्दैवाने स्वस्त फोनमध्ये हा संवेदक बहुधा नसतो. मागच्या बाजूला चौथा कॅमेरा बसवण्यापेक्षा ज्वारीच्या दाण्याएवढी ही चिप बसवावी, असे मला मनापासून वाटते.

मेच्या अखेरीस एका संध्याकाळी मी तो फोन खिडकीत ठेवला होता. पश्चिमेला ढग दाटले होते आणि हवा पूर्ण पडलेली होती. पडद्यावरची रेघ दुपारच्या तळातून सावकाश वर येत होती. एकाएकी ती काही मिनिटांत दीड हेक्टोपास्कल उभी चढली. वळवाच्या ढगात पाऊस पडता पडता त्याचे काही पाणी वाटेतच सुकते, त्यामुळे हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते. त्या जड हवेचा थर आमच्या गल्लीवर येऊन पोहोचल्याची ती नोंद होती. तेवढ्यात समोरच्या गोठ्याचे पत्रे वाजू लागले, धुळीचा लोट खिडकीतून आत आला आणि मी फोन उचलून तावदान लावेपर्यंत पहिले टपोरे थेंब पडले होते.