चाकांची वेव्हर्ली आणि पंख्याची कोकण बोट: गोंधळ नेमका कुठे होतो

ब्रिटनमध्ये राहणारी आपली मंडळी उन्हाळ्यात 'वेव्हर्ली'वरून, म्हणजे कडेच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या वाफेच्या बोटीवरून (पॅडल स्टीमर), फिरून येतात आणि मग तीच तीन वाक्यं ऐकायला मिळतात. ही म्हणजे आपल्या कोकणच्या बोटीची पणजी. पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) आल्यावर चाकांची बोट बाद झाली, ही तेवढी हौसेनं राखली आहे. आणि दोन बाजूंना दोन चाकं असल्यामुळे ती जागच्या जागी वळत असणार. तिन्ही चूक आहेत, आणि तिसरं तर इतकं पटण्यासारखं वाटतं की जाणकार माणसंही ते ठामपणे सांगतात.

कोकणची बोट काय होती हे इथे नव्याने सांगायला नको. भाऊचा धक्का, डेकवर पसरलेल्या वळकट्या, हर्णैला बोट बाहेर उभी आणि किनाऱ्यापर्यंत न्यायला पडाव, पावसाळ्यात सेवा बंद. मागे पाण्याखाली पंखा, त्याच्यामागे सुकाणू. एवढं ध्यानात असलं की पुरे.

आधी वयाचं बघू. 17 जुलै 1947 रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेली कोकणची 'रामदास' बोट 1936 साली बांधलेली होती. वेव्हर्ली ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीत 2 ऑक्टोबर 1946 रोजी पाण्यात उतरली आणि 16 जून 1947 रोजी तिची पहिली प्रवासी फेरी झाली. त्याच नावाची 1899 सालची आधीची बोट 1940 मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून सैनिक आणताना बुडाली होती, तिच्या जागी ही आली. म्हणजे पणजी ठरवलेली बोट रामदासपेक्षा दहाएक वर्षांनी लहान आहे. पंख्याला तोवर शंभर वर्षं होऊन गेली होती. ब्रिटिश आरमाराने 1845 सालीच पंख्याची 'रॅटलर' आणि चाकांची 'अलेक्टो' पाठीला पाठ बांधून ओढाओढ लावली होती आणि रॅटलरने अलेक्टोला फरफटत नेलं होतं. चाकं बाद झाली म्हणणारे हाच दाखला देतात; रॅटलरचं इंजिन जास्त ताकदीचं होतं, हे मात्र गाळतात.

मग 1946 मध्ये कुणी चाकांची बोट का बांधावी? कारण तिला काम तसं होतं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या खाडीत डनून, रॉथसे, टिनाब्रूइक असे धक्के जवळजवळ आहेत. थांबायचं, माणसं घ्यायची, लगेच निघायचं. बोट 73 मीटर लांब, पण पाण्याखाली जेमतेम 1.9 मीटर. मोठी चाकं उलटी फिरवली की पाण्याला अशी पकड घेतात की बोट थोड्या अंतरात थांबते, आणि सुटतेही तितकीच झटक्यात. भर समुद्रात मात्र चाकांचे हाल होतात. बोट कलली की एक चाक खोल बुडतं, दुसरं वर येऊन हवेत फिरतं. लांब पल्ल्याला पंखा, किनाऱ्याकिनाऱ्याने धक्के घेत जायला चाकं, अशी ती वाटणी होती.

बारीकसारीक गोष्टी भराभर उरकतो. वेव्हर्ली आता कोळशावर चालत नाही, 1957 पासून तेलावर चालते. वाफ मात्र खरी आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरच्या बऱ्याच बोटींत एकच चाक आणि तेही मागे असतं, ती जात वेगळी. बांगलादेशातल्या 'रॉकेट' बोटींना बाजूची चाकं आहेत, पण त्यांची वाफेची इंजिनं काढून डिझेलची बसवली गेली. आणि कृपा करून वेव्हर्लीला 'जगातली शेवटची पॅडल स्टीमर' म्हणू नका. स्वित्झर्लंडच्या सरोवरांत आणि ड्रेस्डेनला एल्ब नदीवर अशा बोटी आजही वाफेवर चालतात. समुद्रावर प्रवासी घेऊन जाणारी शेवटची, एवढंच खरं आहे आणि तेवढं मोठेपण तिला पुरेसं आहे.

आता वळण्याचं. एक चाक पुढे, दुसरं मागे फिरवलं की बोट गर्रकन वळेल, हा तर्क बिनचूक आहे. दोन्ही चाकं स्वतंत्र असतील तर तसंच होतं. ब्रिटिश आरमाराने 1950 च्या दशकात विमानवाहू जहाजं ढकला-ओढायला मुद्दाम चाकांचे सात टग बांधले, त्यांची चाकं वेगवेगळी फिरत. वेव्हर्लीची फिरत नाहीत. तिचं इंजिन एकच आहे: तीन सिलिंडर तिरके मांडलेले, त्यांचे तीन दांडे एकाच आडव्या शाफ्टला, आणि त्याच शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं. रेल्वेच्या डब्याची दोन चाकं एका कण्याला पक्की असतात तशी. एक जितकं आणि ज्या दिशेला फिरेल, तितकंच आणि त्याच दिशेला दुसरं.

म्हणजे वळायला उरलं फक्त सुकाणू, आणि कोकणच्या बोटीशी असलेला खरा फरक इथे आहे. सुकाणूवर पाण्याचा झोत आला तरच ते बोट वळवतं. पंख्याच्या बोटीत पंखा सुकाणूच्या पुढ्यातच असतो. बोट जवळपास उभी असली तरी सुकाणू वळवून पंख्याचा एक फटका दिला की झोत त्याच्यावर आदळतो आणि बोटीचं मागचं टोक सरकतं. वेव्हर्लीची चाकं मधोमध, दोन अंगांना. त्यांनी फेकलेलं पाणी कडेकडेने निघून जातं, मागच्या सुकाणूला त्याचा फारसा उपयोग नाही. तिच्या सुकाणूला बोटीच्या स्वतःच्या वेगाने येणारं पाणीच लागतं. वेग गेला की सुकाणू गेलं. उलटं जाताना तर आणखी अवघड.

हे एकदा कळलं की सफरीत जे खटकतं त्याचा उलगडा होतो. धक्क्याकडे ती वेगात येते आणि लोक म्हणतात, कप्तान बेफिकीर आहे. तसं नाही, हळू आली तर वारा आणि ओहोटी तिला हवं तिकडे नेतील. म्हणून वेग राखून यायचं, शेवटच्या क्षणी चाकं जोरात उलटी फिरवायची आणि दोरखंड झटपट खुंटांना टाकायचे. बाकीचं वळण दोरखंडांवर ओढून घ्यायचं. वारा फार असला तर एखादा धक्का गाळला जातो, तेव्हा धक्क्यावरचे लोक चिडतात. त्यांचा राग मला समजतो, पण कप्तानाचा निर्णय बरोबर असतो. उतरणारे सगळे एका कठड्याशी दाटले की खलाशी ओरडून मागे सरायला सांगतात, तेही उगाच नाही: त्या बाजूचं चाक खोल जातं, दुसरं वर येतं आणि बोट तिरकी ओढू लागते. अशा वेळी फोटोसाठी कठड्याला चिकटून राहणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो.

1973 च्या हंगामानंतर ही बोट कामातून काढली गेली, एका पौंडाला पॅडल स्टीमर जपणाऱ्या संस्थेकडे आली आणि 1975 पासून पुन्हा प्रवासी नेऊ लागली. उन्हाळ्यात ती मुख्यतः क्लाइडवर असते, शिवाय ब्रिस्टल खाडी, दक्षिण किनारा आणि टेम्सवरही जाते. माझं मत विचाराल तर लांबची न थांबणारी फेरी घेऊ नका, जास्तीत जास्त धक्के घेणारी क्लाइडची घ्या. आणि एखाद्या धक्क्याला तरी वर गर्दीत न थांबता इंजिनाच्या कडेच्या बोळात उभे राहा. तिथे प्रवाशांना मोकळीक आहे. गरम तेलाचा वास असतो, समोर चकचकीत दांडे फिरत असतात. वरून हुकमाची घंटा वाजते, इंजिनिअर लिव्हर ओढतो, तिन्ही दांडे मंदावतात, क्षणभर थांबतात आणि उलटे फिरू लागतात. दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर आहेत हे तिथे डोळ्यांनी दिसतं.