गोळी चालू, म्हणून पालेभाजी बंद?

‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, मग पालक-मेथी बंद!’ घरोघरी चालणारा हा सल्ला चुकीचा आहे. (गोळीनं रक्त पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो, इतकंच.) पालेभाजीतलं व्हिटॅमिन के रक्त गोठवायला मदत करतं आणि वॉरफेरिन, अ‍ॅसिट्रोम या गोळ्या त्याच कामात खोडा घालतात, हे खरं. पण डोस तुमच्या नेहमीच्या जेवणाशी जुळवलेला असतो. घोळ होतो तो चढउतारानं. महिनाभर भाजीला शिवायचं नाही आणि थंडीत जुडी स्वस्त झाली की आठवडाभर दोन्ही वेळा मेथी! मग आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, घसरतो (बहुतेकांना २ ते ३ हवा असतो), गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. वाटीभर भाजी नेमानं खा, प्रमाण बदलायचं तर आधी डॉक्टरांना सांगा. अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्यांना तर भाजीचं पथ्यच नाही.