जिवंत वाळू : सागरी मत्स्यालयातील

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या तळाशी पसरलेल्या आणि जिवाणू, एकपेशीय जीव, सूक्ष्म कवचधारी प्राणी व कृमी यांनी वसवलेल्या वाळूला जिवंत वाळू म्हणतात. शौकीन व दुकानदार यांच्या तोंडी ‘लाइव्ह सँड’ हेच नाव असते. वाळूचा कण निर्जीवच असतो. त्याच्या पृष्ठभागावर चिकटलेला जिवाणूंचा थर आणि कणांमधल्या फटींत राहणारे प्राणी यांमुळे ती जिवंत ठरते. त्यामुळे कोरडी वाळूही काही महिन्यांत जिवंत होऊ शकते आणि महागडी जिवंत वाळूही हलगर्जीने मरू शकते. वाळू निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. ऑक्सिजन मिळणाऱ्या वरच्या थरातील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइटच्या मानाने नायट्रेट फारच कमी विषारी असले तरी ते साठत जाते. बारीक वाळूत काही सेंटिमीटर खाली ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात व नायट्रोजन वायू मोकळा होतो. वरच्या थरातील कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड हे छोटे कवचधारी प्राणी आणि केसाळ कृमी सांडलेले खाद्य खातात, वाळू हलवत राहतात आणि त्यांची पिल्ले माशांचे अन्न होतात. गाळणयंत्राला हे शेवटचे काम जमत नाही, म्हणून वाळूचे खरे मोल या प्राण्यांत आहे.

सजीवांकडूनच पाणी शुद्ध करून घेण्याची कल्पना या छंदात जुनी आहे. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडक (जिवाणू व छोट्या प्राण्यांनी वसवलेले समुद्री खडक) आणि हवेचे बुडबुडे यांवर चालणाऱ्या टाक्यांची माहिती प्रसिद्ध केली. 1980 च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ जोबेर यांनी जाळीवर वाळूचा जाड थर आणि जाळीखाली स्थिर पाण्याची पोकळी अशी रचना विकसित केली. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयातील प्रवाळाच्या टाक्यांमुळे ती गाजली. पुढे अमेरिकेत सागरी जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी पोकळीशिवायच्या बारीक, खोल वाळूचा हिरिरीने पुरस्कार केला. बर्लिन पद्धतीत मात्र भिस्त जिवंत खडक आणि स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारे यंत्र) यांवर असते. आजही कित्येक प्रवाळपालक तळ उघडाच ठेवतात. उघड्या तळाचीही टाकी उत्तम चालते, हे मान्य करायला हवे. वाळूत राहणारे प्राणी मात्र त्या टाकीत पाळू नयेत.

वाळू सहसा अ‍ॅरागोनाइटची घेतात. अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे एक स्फटिकरूप; प्रवाळाचा सांगाडा त्याचाच असतो आणि बहामाच्या उथळ समुद्रातील गोलसर कणही त्याचेच. ‘ही वाळू पाण्याचा सामू (pH) आपोआप 8.2 वर ठेवते’ असे विक्रेते सांगतात, त्यावर विसंबू नये. मत्स्यालयाच्या नेहमीच्या 8.0 ते 8.4 सामूला अ‍ॅरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाही. कणांमधले पाणी अधिक आम्लधर्मी असते, तिथे ते थोडेफार विरघळते इतकेच. वाढत्या प्रवाळांना लागणारे कॅल्शियम व क्षारता वेगळी पुरवावीच लागते.

किनाऱ्यावर एवढी वाळू असताना विकत का घ्यायची, हा प्रश्न महाराष्ट्रात आणि गोव्यात हमखास निघतो. व्हिनेगर टाकून फेस आला की वाळू चालेल, असे अनेक जण सांगतात. त्या फेसावरून फक्त कार्बोनेट असल्याचे कळते. कोकणच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्यामुळे तिलाही फेस येतो. तिच्यात गारेचे (क्वार्ट्झचे) कण आणि काही ठिकाणी, उदाहरणार्थ रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, इल्मेनाइटसारखी जड काळी खनिजेही असतात. शहराजवळच्या वाळूत सांडपाणी व तेल मुरलेले असू शकते. शिवाय किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनी तिथून वाळू उपसण्यावर बंधने आहेत, आणि मालवणसारख्या सागरी अभयारण्यातून मूठभरही वाळू उचलू नये.

कणांचा आकार आणि थराची जाडी पाळायच्या प्राण्यांवरून ठरवावी. अर्धा ते एक मिलिमीटरचा साखरेसारखा कण कृमींना व वाळू चाळणाऱ्या माशांना मानवतो, पण जोरदार प्रवाहात उडून प्रवाळांवर बसतो. एक ते दोन मिलिमीटरचा कण बहुतेक प्रवाळटाक्यांना सोयीचा पडतो. तीन मिलिमीटरच्या पुढचा प्रवाळाचा चुरा शक्यतो टाळावा. त्याच्या मोठ्या फटींत घाण अडकते आणि काढता काढता निघत नाही. व्हॅलेन्सिएनिया वंशाचे गोबी मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे सोडतात. त्यांना भरड, टोकदार कण इजा करतात. रात्री वाळूत शिरून झोपणाऱ्या हॅलिकोएरेस माशांना किमान पाच सेंटिमीटर मऊ थर लागतो. एरवी अडीच ते पाच सेंटिमीटर पुरतात. नायट्रेट काढण्यासाठी खोल थर करायचाच असेल, तर तो दहा सेंटिमीटरच्या वर असावा. 90 × 45 सेंमी तळाच्या टाकीत चार सेंटिमीटर थराला सुमारे 16 लिटर, म्हणजे साधारण 24 किलो वाळू लागते.

पिशवीतल्या ओल्या वाळूत मुख्यतः जिवाणू असतात. कृमी व कोपेपॉड नसतात. नायट्रीकरण करणारे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, म्हणून उन्हाळाभर तापलेल्या गोदामात पडलेल्या पिशवीकडून फारशी आशा धरू नये. पिशवीवरची तारीख पाहावी. आपल्याकडे कोरडी अ‍ॅरागोनाइट वाळू घेऊन तिच्यात एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील ओंजळभर वाळू विरजणासारखी घालणे अधिक खात्रीचे. मात्र त्या टाकीतील माशांना अलीकडे रोग झालेला नसावा.

कोरडी वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवावी, पिशवीतली जिवंत वाळू धुवू नये. खडक आधी थेट काचेवर टेकवून मग वाळू पसरावी, नाहीतर बिळे करणारे प्राणी पाया पोखरतात आणि खडक ढासळतात. पाणी वाळूवर ठेवलेल्या ताटलीवर ओतले तर गढूळपणा कमी होतो. उरलेला एकदोन दिवसांत बसतो. जिवंत वाळू घातली तरी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नयेत. पहिल्या आठवड्यांत वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. लालसर, चिकट थर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. तो दिसल्यास खाद्य आणि पाण्याचा प्रवाह तपासावा.

उथळ थर पाणी बदलताना नळीने थोडा थोडा साफ करावा, दर वेळी एखादा कोपरा. खोल थर ढवळू नये. त्यातील काळे डाग लोह सल्फाइडचे असतात. वाळू उकरल्यास कुजक्या अंड्यांच्या वासाचा, विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटू शकतो. वीज गेल्यावर वाळूतील जिवाणूही पाण्यातला ऑक्सिजन वापरत राहतात, म्हणून भारनियमनाच्या भागात बॅटरीवरचा हवापंप तयार ठेवावा. वाळू हलती ठेवायला नॅसॅरियस गोगलगायी चांगल्या. अ‍ॅस्ट्रोपेक्टेन तारामासा वाळूतले प्राणीच खाऊन संपवतो आणि लहान टाकीत पुढे उपाशी मरतो. परदेशी पुस्तकांत या कामासाठी समुद्रकाकडी सुचवलेली असते, पण समुद्रकाकड्यांना भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. त्या पकडू किंवा विकत घेऊ नयेत.