राकू: चहाच्या वाडग्यापासून धुरातल्या भांड्यापर्यंत

राकू या जपानी पद्धतीने भांडी भाजणारा कुंभार आपल्या भट्टीला सहसा पाठ दाखवत नाही. इतर पद्धतींत भट्टी पेटवून ती पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे लागते. राकूत मात्र झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, वितळून चकाकू लागली की भांडे लालबुंद असतानाच लांब चिमट्याने बाहेर काढतात. कुंभारांना या कामाचा जो लळा लागतो, त्याचे मूळ मला या थेट गाठीतच दिसते.

ही रीत सोळाव्या शतकातील क्योतोची. छतावरची कौले घडवणाऱ्या कारागिरांशी नाते असलेल्या चोजिरोने चहासमारंभाचा आचार्य सेन नो रिक्यू (1522–1591) याच्या सांगण्यावरून चाकाला हात न लावता, केवळ तळहातांनी आकार देऊन आणि नंतर पात्याने तासून, लाल व काळे वाडगे घडवले. काळ्या वाडग्यांच्या झिलईत कामो नदीतील दगडांची पूड असे. हे वाडगे कोळशाच्या छोट्या भट्टीत, भात्याने वारा घालत, एकेक करून भाजले जात. चिमट्याची खूण कित्येकांच्या अंगावर आजही दिसते आणि जाणकार ती दोष मानत नाहीत. डौलदार, सफाईदार चिनी भांड्यांची चलती असताना रिक्यूने असा जड, मुका वाडगा पुढे आणणे हे माझ्या मते त्या काळचे मोठे धाडस होते. पुढे राकू हे घराण्याचेच नाव झाले आणि 2019 साली त्याची धुरा सोळाव्या पिढीकडे आली.

जपानबाहेर ही कला पोहोचवण्यात बर्नार्ड लीच या इंग्रज कलावंताचा वाटा सर्वांत मोठा. तो एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने चित्र कोरून त्याचे ठसे काढण्याची कला, शिकवण्याच्या इराद्याने 1909 मध्ये जपानला गेला होता. 1911 मध्ये तोक्योतील एका मेळाव्यात पाहुण्यांना रंगवण्यासाठी कोरी भांडी देण्यात आली. लीचने रंगवलेले भांडे झिलईत बुडवून तिथल्याच लहान भट्टीत ठेवले गेले आणि थोड्याच वेळात तयार होऊन त्याच्यासमोर आले. तेवढ्याने त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. त्याने केन्झान या कुंभार-परंपरेच्या सहाव्या वारसाकडे शिक्षण घेतले, 1920 मध्ये शोजी हमादा या जपानी कुंभाराच्या साथीने इंग्लंडमधील सेंट आयव्हज येथे कार्यशाळा उभारली आणि 1940 च्या ‘अ पॉटर्स बुक’मध्ये राकूचीही माहिती दिली.

आज राकू म्हटले की धूर आणि ज्वाळा डोळ्यांपुढे येतात, पण त्यांचा क्योतोशी फारसा संबंध नाही. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनर या अमेरिकी कुंभाराने लीचच्या पुस्तकाच्या आधारे प्रयोग करताना तापलेले भांडे पालापाचोळ्यात टाकून पाहिले. आता यासाठी भुसा किंवा कागद भरलेला झाकणाचा डबा वापरतात. त्यात प्राणवायू कमी पडला की झिलईतील तांब्याच्या ऑक्साइडचे धातूत रूपांतर होऊन लालसर चमक येते, झिलईच्या बारीक तड्यांत काजळी शिरून काळ्या रेषांचे जाळे उमटते आणि झिलई नसलेली माती काळी पडते. एवढा अचानक बदल माती सोसू शकावी म्हणून तिच्यात आधीच भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात.

एवढे करूनही हे भांडे सच्छिद्र आणि ठिसूळच राहते. त्यामुळे चहा पिण्यासाठी जन्मलेल्या या कलेतील आजची बरीचशी पाश्चात्त्य भांडी खाण्यापिण्यासाठी वापरता येत नाहीत.