विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही

‘मुलांना आत्महत्येबद्दल थेट विचारू नका, नसलेला विचार डोक्यात घालाल’ हा सल्ला पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची भीती काळजीतूनच येते. पण सल्ला बरोबर नाही.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात असा विचार आलाच असेल, तर तो आपण विचारण्याआधीपासून तिथे असतो. मूल तो लाजेने, धाकाने दडवून ठेवतं. शांतपणे विचारलं की त्याला कळतं, हे घरात बोलता येतं. अशा विचारण्याने धोका वाढत नाही, हेच अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे.

पडताळायचं असेल तर नैराश्य तपासण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली इंटरनेटवर पाहा. तिचा नववा प्रश्न नेमका हाच आहे: गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असं वाटलं का? समुपदेशकही हे सरळच विचारतात. मग सोबत कोण राहील, फोन कोणाला करायचा, हे मुलाबरोबर बसून ठरवतात.

घरी विचारताना मात्र ‘असलं काही डोक्यात नाही ना?’ असं नको. त्यात ‘नाही’ हेच उत्तर मागितलेलं असतं. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका. १४४१६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.